शेजारची सीट

माझं काम काय ते कोणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्यानं तोंड उघडलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. मजा कसली डोंबलाची! मी एका पर्यटन कंपनीत रस्त्यांची पाहणी करतो. लोकांना शहराबाहेर पडून, स्वतः गाडी चालवत, डोंगर, दऱ्या, माळरानं, तळी बघायची असतात. कंपनी त्यांना गाडी देते, राहायची सोय करते आणि हातात छापील माहिती ठेवते. इथं वळा, इथं थांबा, इथं डावीकडे धबधबा दिसेल, पुढे गुरं रस्त्यात बसलेली असतात, उगाच हॉर्न वाजवू नका. ती माहिती लिहिणारा मी. हंगाम सुरू व्हायच्या आधी मी तो सगळा रस्ता एकटा चालवतो, आणि हंगाम संपला की पुन्हा एकदा. पूल जागेवर आहे का, दरड कुठं आली, बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे का, सगळं बघावं लागतं.

यातली खरी गोम वेगळीच आहे. गाडी चालवणाऱ्याला देखावा दिसत नसतो. त्यानं रस्ता बघायचा असतो, आणि तो रस्ता सोडून भलतीकडे बघत असेल तर त्याला गाडीच देऊ नये. देखावा असतो तो शेजारी बसणाऱ्यासाठी. म्हणून आमच्या धंद्यात पाहणी शेजारच्या सीटवरून करायची असते. पूर्वी दोघं जायचे, एक चालवायचा आणि एक बघायचा. मग कंपनीनं हात आखडता घेतला आणि चालवणाराही मीच झालो, बघणाराही मीच. बघण्यासारखी जागा आली की गाडी कडेला घ्यायची, उतरायचं, पुढून वळसा घालून डावीकडचं दार उघडायचं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसायचं. काचेतून काय दिसतं, झाड आड येतं का, ऊन डोळ्यांवर येतं का, ते टिपून घ्यायचं. मग परत उतरा, परत वळसा घाला, परत चालवायला बसा.

बाहेरून हे किती वेड्यासारखं दिसतं ते मला कोणी सांगायला नको. एकदा एका तळ्याकाठी मी असा बसलो होतो. मागून आलेल्या गाडीतला एक जण काच खाली करून म्हणाला, "काका, ड्रायव्हर पळून गेला का?" त्याच्या बायकोनं त्याच्या खांद्यावर चापट मारली आणि दोघं खिदळत पुढे गेले. मीही हसलो. पण ते गेल्यावर सहज उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे नजर गेली. तळ्यावर बदकांचा थवा उतरत होता, पाणी अगदी गुळगुळीत होतं, आणि "अरे, ते बघ" असं म्हणायला गाडीत कोणी नव्हतं. मी माहितीत लिहिलं, "डावीकडे तळे. सकाळी पक्षी."

मी लग्न केलं नाही. का नाही ते विचारू नका, वहिनी विचारून विचारून थकली. दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहतात आणि मी वरच्या खोलीत. पलंग, टेबल, गॅसची शेगडी आणि खिडकीखाली बुटांची रांग, एवढाच माझा संसार. कोणाच्या दारात असंच जाऊन बसायचं मला कधी जमलंच नाही. खाली जायचं म्हटलं तरी हातात काहीतरी लागतं. दुधाची पिशवी, दादाकडून आणलेला पाना, नाहीतर चुकून वर आलेलं टपाल. वहिनी म्हणते, "भावजी, कधीतरी असंच या हो खाली. दर वेळी काय पाना घेऊन येता? आमच्या घरात एवढे नटबोल्ट तरी आहेत का?" दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "त्याला सरकारी हुकूम लागतो." मी हसतो, पाना ठेवतो आणि वर येतो. वर आल्यावर वाटत राहतं की दोन मिनिटं टेकलो असतो तर काय बिघडणार होतं.

या वर्षी हंगामाच्या तोंडावर ऑफिसातल्या मॅडमनी बोलावून घेतलं. वयानं माझ्या निम्म्या, पण कामाला चोख. त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही.

"घाटाखालून बोगदा सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्या गाड्या आता बोगद्यातून जाऊ शकतात. पण जुना घाट सुंदर आहे असं तुम्हीच दर वर्षी लिहिता. म्हणून एकदा बघून या. रस्ता ठणठणीत असेल तर ठेवू, नसेल तर काढून टाकू. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! असं कोणी म्हटलं की माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. कारण घाटमाथ्यावर बाईंचा थांबा होता.

बाईंचा नवरा रस्त्याच्या टोळीत कामाला होता. घाट रुंद होत होता तेव्हा दोघं वर राहायला आली, तो तापानं गेला आणि या तिथंच राहिल्या. दोन खोल्या, दगडी भिंती, वर पत्रा. पुढच्या खोलीत मेणकापड घातलेली टेबलं, दाराला एक घंटा, कोपऱ्यात एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. चहा, ब्रेड, उकडलेली अंडी, थंडीत सूप. बोलायला फटकळ. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या होत्या, "पाहणीवाले का तुम्ही? मग आधी पायपुसण्याची पाहणी करा, आणि मग आत या." निळ्या काठाचा एक पत्र्याचा मग होता, तो त्या फक्त मला द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "हाच का?" तर म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला दिला तर तुम्ही तोंड पाडाल." वर्षातून दोनदा मी तिथं थांबायचो. दोन कप चहा व्हायचा आणि थोडं बोलणं. वर्षभर माझ्याशी कोणी बोललं नाही तरी तेवढ्यावर माझं भागायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, बाईंना तर नाहीच.

बोगदा झाल्यावर त्या घाटानं जायचं कारण उरलं होतं ते फक्त आमच्या गाड्यांना. त्या बंद झाल्या की बाईंचा थांबा बंद, आणि माझं तिथं जाणंही बंद.

निघालो तेव्हा हवा स्वच्छ होती. शहर संपलं, वखारी संपल्या, मग बराच वेळ नुसतं माळरान. वाळलेलं गवत, मधेच एखादं वाकडं झाड, तारेवर बसलेले पक्षी. एका वळणानंतर नदी रस्त्याला येऊन मिळते आणि पुढे बराच वेळ सोबत करते. तिथं मी दर वर्षी थांबतो. थांबलो, उतरलो, वळसा घातला, शेजारी बसलो. पाणी कमी होतं, मधल्या खडकांवर ऊन पडलं होतं, पलीकडच्या काठावर एक घोडा मान खाली घालून चरत होता. छान होतं सगळं. मी ते बघितलं, लिहिलं आणि निघालो. घाटाच्या पायथ्याशी नवीन वस्ती झाली आहे. टायरवाला, चहाची दोन दुकानं, बसचा थांबा आणि समोर बोगद्याचं काळं तोंड. सगळ्या गाड्या त्यात शिरत होत्या. मी एकटाच डावीकडे फुटणाऱ्या जुन्या रस्त्याला लागलो.

तो घाट मी डोळे मिटून चालवला असता. चढताना दरी सतत डावीकडे, डोंगर उजवीकडे. आधी झाडी, मग झाडी विरळ होते आणि अचानक सगळं उघडं पडतं. खाली एकात एक अडकलेल्या टेकड्या, त्यांच्या पोटातून गेलेली नदी, आणि लांब कुठंतरी धूर. कितीही वेळा बघितलं तरी तिथं माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. या वेळीही गेला आणि बरं झालं गेला. वळणाच्या पुढे डांबराला भेग पडली होती. उतरून जवळ गेलो. भेगेत माझी मूठ आत गेली. दरीकडचा अर्धा रस्ता वीतभर खाली बसला होता आणि कठड्याचे दोन दगड पार नाहीसे झाले होते. मी वाकून खाली बघितलं आणि मागे सरकलो.

मी तसा रडका माणूस नाही. पण तिथं त्या भेगेशी उकिडवा बसून मी स्वतःशीच हुज्जत घालायला लागलो. डोंगराकडून हळू गेलं तर गाडी जाते की. "येथे सावकाश चालवा" असं ठळक छापलं की झालं. लोक काय आंधळे आहेत? मग मला तो तळ्याकाठचा माणूस आठवला, "ड्रायव्हर पळून गेला का" विचारणारा, आणि त्याला चापट मारणारी त्याची बायको. ती डावीकडे बसली होती. कड सुटली तर आधी शेजारची सीट जाते. हे मला कळत होतं, माझं कामच आहे ते कळणं. तरी मी उठलो, हात झटकले, डोंगराला चिकटून गाडी पुढे काढली आणि मनाशी म्हटलं, बघू.

बाई दारातच उभ्या होत्या. घाटात दुसरी गाडीच नव्हती, माझा आवाज त्यांना केव्हाच आला असणार.

"या पाहणीवाले," त्या म्हणाल्या. "पाय पुसा."

आत सगळं तसंच होतं, फक्त खुर्च्या सगळ्याच्या सगळ्या एकात एक घातलेल्या होत्या. एक तेवढी माझ्यासाठी काढून ठेवलेली. बाईंनी निळ्या काठाचा मग समोर ठेवला, चहा ओतला, अंड्यांची बशी सरकवली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता घास तोंडात घालायच्या आधी एक सांगून टाका. रस्ता ठेवणार की काढणार?"

"बसा तरी बाई."

"बसायचं मग बघू. माझ्या भाचीचं खाली बोगद्याच्या तोंडाशी दुकान आहे. ती कधीची मागे लागलीय, मावशी खाली ये, एकटी वर काय करतेस. तिचा नवरा महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतो म्हणतोय. मी तिला सांगितलं, पाहणीवाले येऊन जाऊ देत. ते म्हणाले रस्ता राहणार, तर मी राहणार. ते म्हणाले नाही, तर आणा टेम्पो."

म्हणजे इथंही तेच. तुम्ही म्हणाल तसं. मी मगाकडे बघत राहिलो. बाईंचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. हे असलं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ठेवतोय," मी म्हणून गेलो. "रस्ता ठेवतोय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "बघा! मी म्हणत होतेच तिला," असं म्हणत त्यांनी चार खुर्च्या सोडवून टेबलांना लावल्या, मेणकापडावरून फडकं फिरवलं, दार सताड उघडलं. पत्र्याला रंग द्यायला हवा, सुपाचं मोठं भांडं खालून आणायला हवं, त्यांची यादी सुरूच. मी हो हो म्हणत होतो आणि अंडं काही केल्या गिळवेना. शेवटी उठलो. म्हटलं, "जरा समोरचं बघून येतो," आणि बाहेर पळालो.

थांब्याच्या समोर दरी आहे. गाडी तिथंच उभी होती. मी सवयीनं डावीकडचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. ऊन तिरकं झालं होतं. टेकड्यांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या होत्या आणि नदी पार आत जाऊन दिसेनाशी होत होती. माझं लक्ष त्यात नव्हतं. इतक्यात उजवीकडचं दार उघडलं आणि बाई चक्क चालवायच्या सीटवर येऊन बसल्या. दार ओढून घेतलं, मांडीवर हात ठेवले.

त्या गाडीत त्या सीटवर माझ्याखेरीज कोणी बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"हे काय करता हो तुम्ही?" बाई म्हणाल्या. "दर वर्षी मी खिडकीतून बघते. येता, उतरता, इकडून तिकडे जाऊन बसता. आधी मला वाटलं, डोक्यानं जरा कमी आहेत. मग वाटलं, कोणाची तरी वाट बघतात."

मी त्यांना शेजारच्या सीटचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मान उंच करून, खाली करून, पुढे वाकून बघितलं.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "इथून दरी दिसतच नाही. तुमचा कान दिसतो."

मी हसलो आणि त्यांच्याकडे वळलो. इतकी वर्षं त्या जागी थांबलो पण कधी उजवीकडे वळून बघितलं नव्हतं. बाईंच्या पलीकडे त्यांचं घर होतं. दगडी भिंत, उघडं दार, दारावरची घंटा, आतल्या त्या नुकत्या मांडलेल्या चार खुर्च्या. बाई स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत होत्या. मला इतकं बरं वाटलं की ते सहन होईना. आणि त्याच वेळी मला त्या बायकोची चापट आठवली. या सीटवर, नेमक्या या सीटवर, उद्या कोणीतरी हसत बसलेलं असणार आणि त्याला मी या रस्त्यानं पाठवणार. मी लिहिलेलं वाचून ते येणार. बाईंच्या पत्र्याला रंग लागावा म्हणून, माझा मग शाबूत राहावा म्हणून.

"बाई, रस्ता खचलाय," मी म्हटलं. "पहिल्या उघड्या वळणाच्या पुढे. मूठ जाते आत. मी बंद लिहिणार आहे."

त्यांचं बोट थांबलं.

"मग मघाशी काय म्हणालात?"

"खोटं बोललो."

"का?" आता आवाज चढला. "मी काय लहान मूल आहे? चार खुर्च्या मांडून बसले मी! कोणाला खुळी बनवताय?"

"तुम्ही खाली गेलात तर..." मी म्हटलं आणि अडकलो. पण आता सुरुवात केली होती. "तुम्ही खाली गेलात, रस्ता बंद झाला, तर मी इकडे कशाला येणार? मला यायला काही कारणच राहणार नाही. म्हणून बोललो."

बाईंनी नजर समोर वळवली. समोर काही नव्हतं, रिकामा रस्ता आणि त्यावर पडलेला पाचोळा.

"तुम्हाला कारण लागतं होय?" त्या म्हणाल्या. रागाचा आवाज नव्हता तो. राग असता तर परवडला असता. "मला वाटायचं, कंपनीचं निमित्त आहे आणि तुम्ही येता. म्हणजे कंपनी पाठवते म्हणून येता तर. बरं झालं सांगितलंत."

त्या उतरल्या, दार हळूच लावलं आणि आत गेल्या. मी काचेतून बघत होतो. त्यांनी चारही खुर्च्या पुन्हा एकात एक घातल्या. मी आत जायला हवं होतं. पण आत जायला हातात काय होतं माझ्या? मी वळसा घालून चालवायला बसलो आणि पलीकडच्या बाजूनं घाट उतरलो. उतारावर फार सुंदर जंगल आहे. मी कुठंही थांबलो नाही.

मॅडमना सांगितलं, घाट बंद करा. रस्तेखात्यालाही कळवलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं नीट बघितलंत," आणि बोगद्याच्या पलीकडे काय बघण्यासारखं आहे ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं. काम काही अडत नव्हतं. संध्याकाळी खोलीत आलो की मात्र शेगडीवर चहाचं आधण ठेवायचं विसरून मी बुटांच्या रांगेकडे बघत बसायचो. "तुम्हाला कारण लागतं होय?" इतकं साधं वाक्य, पण ते काही पाठ सोडेना. आणि महिना संपत चालला होता. टेम्पो येणार होता.

एका सुट्टीच्या सकाळी मी खाली गेलो. वहिनी भांडी पुसत होती. तिनं आधी माझ्या हातांकडे बघितलं.

"काय आणलंत?"

"काही नाही," मी म्हटलं. "वहिनी, एक विचारू? एखाद्याकडे जायचं असेल आणि काही काम नसेल, तर जाऊन म्हणायचं काय?"

दादानं पेपर खाली केला. हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. वहिनीनं हातातलं पातेलं ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यांदाच माझी चेष्टा केली नाही.

"असाच आलो म्हणायचं, भावजी," ती म्हणाली. "लोक तेच म्हणतात."

"काही घेऊन जाऊ का? फळं वगैरे?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जा."

असंच जायला कंपनीची गाडी मिळत नाही, म्हणून बसनं निघालो. डावीकडची खिडकीची जागा मिळाली, तेवढं नशीब. माळरान गेलं, नदी आली, घोडा दिसला नाही. बोगद्याच्या तोंडाशी बस बराच वेळ थांबली. लोक उतरले, चहा प्यायले, चढले. मी जागेवरून हललो नाही, डावीकडे घाटाच्या चढाकडे बघत राहिलो. महिना अजून संपला नव्हता, टेम्पो अजून आला नसणार, बाई वर असणार, असा माझा हिशेब. थोडं पुढे, बोगद्यात शिरायच्या आधी, जुन्या फाट्याला मी उतरलो. फाट्यावर आडवा लोखंडी दांडा आणि त्यावर पाटी, रस्ता बंद. माझ्याच सांगण्यावरून लावलेली. मी वाकून खालून पलीकडे गेलो.

तो घाट मी कधी पायी चढलो नव्हतो. गाडीतून जे झर्रकन मागे जायचं ते आता जाता जाईना. गुडघा कुरकुरत होता. गवतातून पाणी झिरपल्याचा आवाज येत होता, डांबरावर जागोजाग शेण होतं, एका वळणावर रानफुलांचा अख्खा उतार पिवळा झाला होता आणि मी तो आजवर एकदाही टिपला नव्हता, कारण तो उजवीकडे होता. भेग वाढली होती. मी डोंगराला पाठ लावून पलीकडे गेलो. मनातल्या मनात घोकत होतो, असाच आलो, असाच आलो. एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. लाज वाटली.

दाराला कुलूप होतं.

घंटा काढून नेली होती. टेम्पो पलीकडच्या बाजूनं आधीच येऊन गेला होता तर. खिडकीतून बघितलं तर आत मेणकापड नाही, खुर्च्या नाहीत, नुसती जमीन झाडून ठेवलेली. मी पायपुसण्यावर उभा होतो, ते तेवढं राहिलं होतं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते खिशात घातले. समोर दरी होती, ढगांच्या सावल्या टेकड्यांवरून सरकत होत्या. कितीतरी वर्षं मी लोकांना लिहून देत होतो, इथं थांबा, इथून बघा. मी कठड्यावर बसलो आणि बघितलं. बघून काही होईना. उठून परत फिरलो.

फाट्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. परतीची बस धरायला, आणि भाचीचं दुकान दिसतं का ते बघायला, वस्तीपर्यंत चालत गेलो. टायरवाल्याच्या शेजारी एक दुकान होतं, बिस्किटांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, आत दोन टेबलं. टेबलांवर ओळखीचं मेणकापड होतं. गल्ल्यावर एक तरुण बाई बसली होती. आणि रस्त्याकडच्या खिडकीशी, अंडी सोलत, बाई.

दाराला ती घंटा होती. मी आत शिरताच वाजली. बाईंनी वर बघितलं. उठल्या नाहीत.

"सकाळच्या बसमधे होतात," त्या म्हणाल्या. "ही इथं बस उभी होती. मी इथूनच बघत होते. तुम्ही तिकडे तोंड करून बसला होतात."

"डावीकडे," मी म्हटलं.

"डावीकडेच. म्हटलं, आता उतरतील, आता उतरतील. बस गेली. म्हटलं, गेले बोगद्यातून पलीकडे, कंपनीचं काम असेल." त्यांनी अंड्याचं टरफल बशीत टाकलं. मग माझ्या बुटांकडे नजर गेली. बुटांवर लाल माती होती, पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली. "कुठं गेला होतात?"

"वर."

"वर? रस्ता बंद आहे ना? तुम्हीच बंद केलात."

"हो."

"चालत गेलात?"

"हो."

भाची गल्ल्यावरून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. बाईंच्या हातातलं अंडं अर्धंच सोललेलं राहिलं होतं.

"मग काय, पाहणीला आला होतात?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा फटकळ काढायचा प्रयत्न केला त्यांनी, पण तो जमला नाही.

"नाही," मी म्हटलं. वाक्य पाठ होतं तरी जीभ जड झाली. "काम काही नव्हतं. असाच आलो."

बाई उठल्या. अंडं बशीत ठेवलं, हात पदराला पुसले आणि आतल्या बाजूला गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा हातात निळ्या काठाचा मग होता. त्यांनी तो खिडकीशी ठेवला, मग कोपऱ्यातल्या ढिगातून एक खुर्ची ओढून काढली आणि आपल्या खुर्चीच्या शेजारी मांडली.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथून काही दिसत नाही म्हणा. नुसता रस्ता आहे."

मी बसलो.